चावीवाल्याची साक्ष

पहाटे तीन चाळीसला मी घोडपदेवच्या चढावर असतो,
खांद्यावर चावी. चावी म्हणजे
खिशात मावते ती नव्हे, बापा, तुला ठाऊकच आहे,
छातीएवढी उंच, लोखंडी, वर आडवा दांडा.
लांबून बघणाऱ्याला वाटतं
माणूस क्रूस घेऊन निघालाय.
गस्तीच्या हवालदाराने एकदा विचारलंही तसं.
मी म्हटलं, नाही साहेब, पाणीखातं.

झाकण उचलायचं, झुरळं पांगू द्यायची,
चावी खाली सोडून बोंडावर बसवायची
आणि मोजायचं. या गल्लीला एकोणीस आटे,
पलीकडच्या चाळीला सव्वीस.
पाणी मला दिसत नाही.
सत्तावीस वर्षांत मी सोडलेलं पाणी
मी पाहिलेलं नाही.
दांड्याला कान लावतो.
आधी काहीच नसतं.
मग लांब कुणी तांदूळ पाखडावेत तसा आवाज,
मग घरघर, मग लोखंड थरथरतं गालाशी.
तेवढ्यावर झाकण लावून मी पुढे जातो.

असाच तुझा आवाज येतो, असं म्हणणार होतो.
पण खोटं कशाला बोलू?
बहुतेक दिवस मी त्या ‘काहीच नसतं’पाशीच
कान लावून उभा असतो.

गेल्या फेब्रुवारीत अकराव्या आट्याला चावी अडकली.
हलेना. तेल सोडलं, हातोडी मारली,
तुझं नाव घेतलं, मग दुसरंही काही
तोंडातून गेलं, ते माफ कर.
वीस मिनिटं गेली असतील.
तेवढ्यात पुढच्या वळणावरची गोदामाची भिंत
अख्खी रस्त्यावर बसली,
बरोबर माझ्या पुढच्या झाकणावर.
धूळ खाली बसेपर्यंत
मी चावीला धरून उभा होतो,
की तिने मला धरलं होतं, सांगता येत नाही.

बुधवारच्या प्रार्थनेला सगळे म्हणाले,
त्रिभुवन, उठा, साक्ष द्या.
उठलो.
तिसऱ्या बाकावर एस्तेर पारधे बसलेली.
तिचा विल्सन माझा जोडीदार.
सहा वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे
त्याची चावी कुठेच अडकली नाही,
लोण्यातून फिरावी तशी फिरली,
आणि तो अगदी वेळेवर पोचला पुढच्या खड्ड्यावर,
जिथे पाण्यात वीज उतरली होती.
आदल्या दिवशी त्या वॉल्व्हला तेल मीच घातलं होतं.

काय सांगणार होतो?
की भिंतीच्या धुळीत तू मला ओळखलंस
आणि पाण्यात त्याला नाही?
मी म्हटलं, मी जिवंत आहे.
पाळकसाहेब पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले.
पुढचं वाक्य नव्हतं. मी बसलो.

बाहेर चपला घालताना एस्तेर शेजारी आली.
मनगटाला हात लावून म्हणाली,
भाऊ, उद्या आमच्या गल्लीत जरा लवकर सोडा,
पुण्याहून नणंद येतेय.
दुसऱ्या दिवशी मी दहा मिनिटं आधी गेलो,
नियमात बसत नाही, तरी.
दांड्याला कान लावला.
तांदूळ पाखडल्याचा आवाज यायला
नेहमीपेक्षा उशीर झाला,
की मलाच तसं वाटलं.

आमच्या घरी, कुर्ल्याला, पाणी पावणेसहाला येतं.
ते मी सोडत नाही.
तिथला चावीवाला वेगळा, त्याला मी कधी पाहिलं नाही,
नावही माहीत नाही,
बदलून गेला असेल तर तेही कळलेलं नाही.
सुट्टीच्या दिवशी मी अंथरुणात पडून बघतो.
साडेपाचला सलोमी
हंडा कोरड्या नळाखाली लावते,
नळ पूर्ण उघडून ठेवते
आणि चहाचं आधण ठेवायला वळते.
मागे वळून बघतसुद्धा नाही.

एकदा मी विचारलं, आज आलंच नाही तर?

ती म्हणाली, उठलाच आहात
तर दुसरा हंडाही आणा.